खातो पोटभर, पण अंगी लागत नाही: कुत्र्याचे परत परत येणारे जुलाब आणि रक्तातली अमिनो आम्लं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं कुत्रं याच वाटेवर आहे का ते ओळखता येईल. जुलाब लागतात, पाच दिवस गोळ्या दिल्या की शी बांधून होते, तीन-चार आठवडे बरे जातात आणि एका सकाळी अंगणात पुन्हा तेच. भूक कायम असते, कधी कधी तर वाढलेली असते. ताटली चाटूनपुसून साफ. तरीही पाठीचा कणा हाताला लागायला लागतो, केस राठ होतात, जिना चढताना मागचे पाय जड पडतात. रक्त तपासलं की अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, कमी. मग कुणीतरी 'प्रोटीन वाढवा' म्हणतं, आपण मटण-अंडी वाढवतो आणि पुढचा रिपोर्ट त्याहून खाली येतो.

आमच्या तांबूचं हेच दीड वर्ष चाललं होतं. शेवटी निघाली ती आतड्याची दीर्घ सूज. तांबू कारवानी जातीचा, सहा वर्षांचा, २२ किलोचा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे, तिथल्या काट्यावर त्याला कधीमधी उभा करायचो, पण आकडा कुणी लिहून ठेवत नव्हतं. लिहायला सुरुवात केली तेव्हा तो १८ किलोवर आला होता. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज एकच विचारायच्या, "खातंय की चांगलं पोटभर, मग वाळायलंय कशानं?" या प्रश्नाचं उत्तर मिळायला आम्हाला फार वेळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये म्हणून सगळं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या पशुवैद्यांचाच. पण त्यांच्यापुढे काय घेऊन जायचं आणि घरात काय शोधायचं, हे मालकाच्याच हातात असतं.

शी बघू नका, पाठ बघा

आमची पहिली चूक हीच. शी बांधून झाली की आजार गेला, असं धरून चालायचो. पंचगंगेच्या घाटावर एकदा कागलकडचे एक आजोबा भेटले, आयुष्यभर शिकारी कुत्री पाळलेले. त्यांनी तांबूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पळणाऱ्या कुत्र्याची बरगडी दिसली तरी चालतीया, पोरी. पाठ भरलेली पायजे. ह्याची पाठ रिकामी झालीया."

कारवानी, मुधोळ असल्या सडपातळ जातींत ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते, कारण ती दिसायलाच शिडशिडीत. लॅब्रॅडॉर वाळला तर गल्ली विचारते, कारवानी वाळला तर 'जातच तशी' म्हणून सोडून देतात. म्हणून हाताने तपासा: कण्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी, खांद्याचं पातं, कमरेची हाडं आणि डोक्यावर, कान-डोळ्यांच्या मधली जागा. तिथे खड्डा पडला असेल तर चरबी नाही, स्नायू चालला आहे. शरीराला अन्नातून अमिनो आम्लं मिळाली नाहीत की ते स्वतःचा स्नायू मोडून ती काढतं. तेवढ्यावर रक्तातले आकडे काही काळ सावरलेले राहतात आणि आपण गाफील राहतो.

दर रविवारी एकाच काट्यावर वजन आणि दर पंधरा दिवसांनी वरून काढलेला पाठीचा फोटो. आमच्या डॉक्टरांना रक्ताच्या पहिल्या रिपोर्टपेक्षा या वहीचा जास्त उपयोग झाला.

वहीत आणखी एक गोष्ट लिहायची. आतड्याच्या दीर्घ सुजेसाठी पशुवैद्य गुण देण्याची एक पद्धत वापरतात. तरतरी, भूक, उलटी, शीचा घट्टपणा, दिवसातून किती वेळा आणि वजनातली घट, या सहा गोष्टींना ० ते ३ गुण. बेरीज ३ पर्यंत असली तर नगण्य, ४-५ सौम्य, ६ ते ८ मध्यम, ९ किंवा त्याहून जास्त झाली तर तीव्र. २००७ मध्ये याच्याच पुढची एक पद्धत आली, तिच्यात अल्ब्युमिन, पोटात साठलेलं पाणी आणि अंगाची खाज ही तीन जास्तीची. घरी पहिल्या सहा गोष्टी सहज लिहिता येतात. "बरा आहे, पण थोडं पातळ होतंय" असं सांगण्यापेक्षा "चार आठवड्यांत ७ वरून ५ वर आला" हे सांगितलं की डॉक्टरांना पुढचं पाऊल ठरवता येतं.

खाल्लेलं प्रोटीन जातं कुठे

मांसातलं किंवा अंड्यातलं प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. जठरात आणि स्वादुपिंडाच्या रसाने ती तुटते, सुटे मणी आणि दोन-तीन मण्यांचे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरातून आत घेतले जातात आणि तिथून शिरेवाटे यकृताकडे जातात. यकृत त्यांतून अल्ब्युमिन बनवतं. कुत्र्याला २० पैकी १० अमिनो आम्लं अन्नातूनच मिळावी लागतात: आर्जिनीन, हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मेथिओनीन, फिनाइलअ‍ॅलॅनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन. बाकीची शरीर घडवू शकतं, पण त्यालाही कच्चा माल लागतोच.

आतड्याला महिनोन् महिने सूज राहिली की ही वाट चार ठिकाणी बिघडते. अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे आखडतात, त्यामुळे आत घेण्याची जागा कमी होते. काही कुत्र्यांत आतड्यातल्या लसिकावाहिन्या (जेवणातली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगून गळायला लागतात आणि रक्तात पोचलेलं प्रोटीन पुन्हा आतड्यात सांडतं. तिसरं म्हणजे, सुजेशी झुंजणाऱ्या पेशी आणि सतत नवं होणारं आतड्याचं अस्तर स्वतःच भरपूर अमिनो आम्लं वापरतात. आणि चौथं, न पचलेलं प्रोटीन पुढे मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते कुजवतात, शीला घाण वास येतो आणि जुलाब वाढतात. मटण वाढवल्यावर तांबू आणखी का बिघडायचा, ते मला हे चौथं कळल्यावर उलगडलं. आम्ही अंगी लागावं म्हणून घालत होतो आणि ते जिवाणूंच्या तोंडी पडत होतं.

या आजारात सगळीच अमिनो आम्लं सारखी घटत नाहीत. आतड्याची दीर्घ सूज असलेल्या कुत्र्यांचं रक्त निरोगी कुत्र्यांशी ताडून पाहिलं, तेव्हा मेथिओनीन, प्रोलीन, सेरीन आणि ट्रिप्टोफॅन ही चार कमी आढळली, आणि सेरीन जितकं कमी तितके आजाराचे गुण जास्त, असा मेळ दिसला. ज्या कुत्र्यांत प्रोटीन आतड्यावाटे गळतं, त्यांच्यात ट्रिप्टोफॅन विशेष खाली असतं. नुसतं खाणं बदलून बरी होणाऱ्या कुत्र्यांपेक्षाही खाली. त्यामागे एक कारण सापडलं आहे. सुजेच्या जागी ट्रिप्टोफॅन तोडणारं एक विकर (एन्झाइम) जोर धरतं आणि ते ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच रस्त्याला लावतं. म्हणजे ट्रिप्टोफॅन फक्त कमी आत येतं असं नाही, आत आलेलंही सूज संपवते. याच ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं, तिथल्या हालचालीसाठी.

म्हणून रक्तातली अमिनो आम्लं कमी आली तर त्याचा अर्थ 'कमी खायला घालता' असा लावू नका. सूज विझत नाही तोवर वरून ओतलेलं टिकत नाही.

श्रेय गोळ्यांना, काम श्रावणाचं

मेट्रोनिडाझोलने तांबूचे जुलाब दर वेळी थांबायचे, म्हणून आम्ही तेच देत राहिलो. हे औषध जिआर्डियासारख्या परजीवीवर चालतं आणि काही काळ जुलाबही आवरतं. पण ते आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटतं, आणि औषध बंद झाल्यावरही ती कित्येक आठवडे नीट बसत नाही. जास्त डोस किंवा लांबलेला कोर्स झाला तर कुत्रं तोल जाऊन चालतं, डोळे फिरवतं. आमच्याकडे अर्धवट संपलेल्या पाकिटांचा डबा तयार झाला होता. दर महिन्याला तीच गोळी लागत असेल तर आजार आत तसाच आहे, असं समजा.

गुंता सुटला तो वहीमुळे. मागच्या वर्षभराच्या औषधाच्या पावत्या मी तारखेप्रमाणे लावल्या. आखाडात तीन पावत्या. श्रावणात एकही नाही. गणपती उठल्यावर आठवडाभरात पुन्हा पावती. मग आठवड्याकडे पाहिलं, तर जुलाब सुरू व्हायचे ते बहुतेक सोमवारी रात्री किंवा गुरुवारी. कोल्हापुरात ज्याच्या घरी बुधवार-रविवार चुलीवर मटण चढतं त्याला पुढचं सांगायला नको. श्रावणात आमचं घर शाकाहारी, म्हणून तांबूही भात-भाजीवर. त्या महिन्यात तो आपोआप बरा राहिला आणि आम्ही श्रेय दिलं आषाढातल्या शेवटच्या पाकिटाला.

त्याच्या ताटात जायचा तो रश्श्यातला भात, चरबीचे तुकडे आणि हाडं. रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, हे निराळंच. आतडं धड असलेल्या कुत्र्यालाही कांदा-लसणाचा रस्सा घालू नये.

सणवार, उपवास, पाहुणे, गावची जत्रा या सगळ्याच्या तारखा तुमच्या वहीत जुलाबांशेजारी लिहा. आपल्याकडे घराचं ताट पंचांगाप्रमाणे बदलतं आणि कुत्र्याचं ताट घराप्रमाणे.

आधी काय बाद करायचं

तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या जुलाबांना दीर्घ म्हणतात. पण 'आतड्याची सूज' हे नाव शेवटी चिकटवायचं असतं, बाकीची दारं बंद झाल्यावर.

ताज्या शीची तपासणी जंत आणि जिआर्डियासाठी, आणि तीही एकदा नाही, दोन-तीन दिवसांचे नमुने. आपल्याकडे अंकुशकृमी भरपूर, ते रक्त पितात आणि अल्ब्युमिनही खाली नेतात. गोचिडांचा ताप, म्हणजे एर्लिशियाही अल्ब्युमिन घटवतो. ज्या कुत्र्याच्या अंगावर कधी गोचीड दिसली त्याची ती तपासणी झालीच पाहिजे. अल्ब्युमिन लघवीवाटे जातं का ते बघायला लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात. यकृतासाठी पित्ताम्लांची तपासणी. स्वादुपिंडाचा रस कमी पडतो का, त्यासाठी टीएलआय. जर्मन शेफर्ड असेल तर ही अजिबात चुकवू नका. आणि अ‍ॅडिसनचा आजार (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींची संप्रेरकं कमी पडण्याचा), जो हुबेहूब आतड्याच्या आजारासारखा येतो-जातो. त्यासाठी सकाळचं कॉर्टिसॉल. ते डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर अ‍ॅडिसन जवळजवळ बाद, खाली आलं तर पुढची तपासणी.

तांबूचं अल्ब्युमिन १.९ आलं. बहुतेक लॅबमध्ये कुत्र्याची खालची मर्यादा २.५ च्या आसपास असते. त्याचं ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली बाकीची प्रोटीनं, तीही कमी होती. ही जोडी लक्षात ठेवा: मूत्रपिंडातून गळती असली तर सहसा अल्ब्युमिन एकटं घटतं, आतड्यातून असली तर बरेचदा दोन्ही घटतात. लघवी स्वच्छ होती, यकृत ठीक होतं. सोनोग्राफीत लहान आतड्याच्या अस्तरात पांढुरक्या रेघा दिसल्या, फुगलेल्या लसिकावाहिन्यांची खूण. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ तळाला गेलं होतं.

आणि हे झालं तर थांबू नका, वहीही उघडू नका: पोट पाणी भरल्यासारखं फुगलं, पाय सुजले, धाप लागली, मागचे पाय अचानक निकामी झाले किंवा झटका आला. प्रोटीन गळणाऱ्या कुत्र्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि कॅल्शियम फार खाली जाऊ शकतं. तेव्हा रात्र असली तरी डॉक्टरांना उठवायचं.

खाण्याची चाचणी फसते कुठे

या आजारातली निम्म्याहून अधिक कुत्री नुसत्या खाण्याच्या बदलाने सुधारतात. म्हणून, कुत्रं उभं आहे आणि खातं आहे तोवर, ही चाचणी औषधांच्या आधी. एक तर असं अन्न द्यायचं ज्यातलं प्रोटीन आधीच बारीक तोडलेलं आहे, म्हणजे शरीराला ते ओळखू येत नाही, किंवा कुत्र्याने जन्मात न खाल्लेलं प्रोटीन. आपल्याकडे दुसरा मार्ग अवघड, कारण कोल्हापुरातल्या घरच्या कुत्र्याने कोंबडी, बकरं, अंडं, दूध सगळं खाल्लेलं असतं. लसिकावाहिन्या फुगलेल्या असतील तर त्याच्या जोडीला चरबी अगदी कमी हवी, कारण जेवणातल्या चरबीने त्या वाहिन्या आणखी भरतात आणि गळतात. तांबूला तोडलेल्या प्रोटीनचं, कमी चरबीचं तयार अन्न दिलं, दिवसाचं चार वेळांत वाटून. डॉक्टरांनी परवानगी दिलेला वरचा खाऊ एकच, उकडलेलं रताळं. घरी शिजवून द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून मोजून लिहून घ्या. नुसता कोंबडी-भात महिनोन् महिने दिला तर कॅल्शियमपासून सगळ्याची तूट पडते.

शीमध्ये फरक पडायचा असेल तर सहसा दोन आठवड्यांत दिसतो. आमच्याकडे नऊ दिवस काहीच दिसलं नाही. मी चाचणी फसली म्हणून फोन करणार होते, तेव्हा थोरल्या मुलाने सांगितलं की आजोबा त्याला संध्याकाळी गंगावेशीत नेतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी दारात उभ्या करून डोळ्यांसमोर दूध काढून देतात. मामा, माझे सासरे, रोज तिथे एक पेला पितात आणि तळाचं तांबूला देतात. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के चरबी, शिवाय मोठ्या कुत्र्याला न पचणारी दूधसाखर आणि दुधाचं प्रोटीन. चाचणीला नको असलेली प्रत्येक गोष्ट त्या घोटात होती.

मामांना बोलणं मला जड गेलं. ते त्याला जीव लावूनच देत होते. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "मामा, आता त्याच्या खाण्याचं तुमच्याकडेच सोपवते. तुम्ही द्याल तेवढंच तो खाईल." त्या दिवसापासून चारही वेळा तेच मोजून घालतात. घरात चाचणी करायची असेल तर सगळ्यात जास्त लाड करणाऱ्यालाच खाण्याची जबाबदारी द्या. याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

मामांखेरीज बाकीच्या चोरवाटा: शेजारच्यांची बिस्किटं, मांजराची ताटली, दुकानातल्या पोत्यांजवळ सांडलेले शेंगदाणे, आणि जंताच्या आणि गोचिडाच्या चघळायच्या गोळ्या. त्यांत मांसाची चव घातलेली असते. साध्या गोळ्या मागून घ्या. खरी मोजणी दूध बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केली आणि बाराव्या दिवशी तांबूची शी बांधून झाली, एकही गोळी न देता. मग पूर्ण बारा आठवडे तेच अन्न.

अमिनो आम्लांचा रिपोर्ट

ही तपासणी बहुतेकांना लागत नाही. अल्ब्युमिन, बी-१२, वजन आणि पाठ यांवर काम भागतं. आम्ही ती केली कारण शी सुधारूनही पाठ भरत नव्हती आणि डॉक्टरांना ट्रिप्टोफॅन बघायचं होतं. तुम्ही करणार असाल तर सॅम्पल कसं घेतलं जातं ते डोळ्यांत तेल घालून बघा. आमचा पहिला रिपोर्ट त्यापायीच वाया गेला.

एप्रिलची दुपार, सकाळी खाऊन आलेलं कुत्रं, वळवळल्यामुळे सुई दोनदा टोचली आणि नळी तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली. रिपोर्टमध्ये टॉरीन आणि ग्लुटामेट आभाळाला, ग्लुटामीन आणि आर्जिनीन तळाला. मी रात्रभर आर्जिनीनबद्दल वाचत बसले. डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, हा आजार कुत्र्याचा नाही, नळीचा आहे. रक्तपेशी फुटल्या की त्यांच्या आतलं टॉरीन, ग्लुटामेट बाहेर सांडतं. लाल पेशींतलं एक विकर आर्जिनीन तोडतं. आणि नळी उन्हात राहिली की ग्लुटामीनचं ग्लुटामेट होतं. प्लाझ्मा, म्हणजे पेशी वेगळ्या काढल्यावर उरणारं रक्ताचं पाणी, गुलाबी-लाल दिसला तर तो रिपोर्ट वाचूच नका.

दुसऱ्यांदा १२ तास उपाशी ठेवून सकाळी सातला रक्त घेतलं, लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा केला, गोठवला आणि बर्फाच्या पेटीतून पाठवला. उपाशी का, तर जेवणानंतर ही आम्लं तासागणिक चढतात-उतरतात. या वेळी चित्र खरं आलं: ट्रिप्टोफॅन खाली, मेथिओनीन आणि सेरीन कडेला. कुत्रं प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर आहे का, हेही सॅम्पलसोबत लिहून द्यायचं असतं, कारण स्टेरॉइडने स्नायू मोडतो आणि आकडे हलतात.

रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल रेंज' कुणाची आहे ते बघा. ही तपासणी बहुधा माणसांच्या लॅबमध्ये होते, नवजात बाळांचे चयापचयाचे विकार शोधायला. माणसाच्या रेंजवर कुत्रं तोलू नका. तुलना त्याच कुत्र्याच्या, त्याच लॅबच्या, तसंच उपाशीपोटी घेतलेल्या पुढच्या सॅम्पलशी करा. सिट्रुलिन नावाचं एक अमिनो आम्ल लहान आतड्याच्या पेशी बनवतात, म्हणून ते आतड्याचं मोजमाप असेल अशी आशा होती. पार्वो या विषाणूच्या आजारात ते खरंच कोसळतं, पण दीर्घ आजाराच्या कुत्र्यांत ते निरोगी कुत्र्यांपेक्षा वेगळं निघालं नाही. ते चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

आणखी एक. कुत्र्याच्या रक्तातलं अल्ब्युमिन अर्धं व्हायला साधारण ८ दिवस लागतात. आज बदललेल्या खाण्याचं फळ परवाच्या रिपोर्टमध्ये शोधलं तर निराशाच होईल. तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

डब्यातली पावडर

ट्रिप्टोफॅन कमी म्हटल्यावर मला ते विकत आणून द्यावंसं वाटलं. कळकळीने सांगते, दुकानातून आणून देऊ नका. झोपेसाठी, मूडसाठी म्हणून माणसांना मिळणारं ५-एचटीपी हे ट्रिप्टोफॅनचंच पुढचं रूप, ते कुत्र्याला विषारी आहे. झटके, ताप, प्रसंगी मृत्यू. व्यायामशाळेतल्या काही प्रोटीन पावडरींत झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याची साखर कोसळते आणि यकृत निकामी होतं.

बी-१२ बाबतही तेच. तांबूला रोज ५०० मायक्रोग्रॅम तोंडाने दिलं. साधारणपणे १० किलोपर्यंत २५०, १० ते २० किलोला ५०० आणि त्यावर १००० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे. पण औषधाच्या दुकानात मिथाइलकोबालामिन मागितलं की बरेचदा अल्फा लिपोइक अ‍ॅसिड मिसळलेली गोळी हातात येते, आणि ते कुत्र्याला घातक आहे. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून, एकट्या बी-१२ ची गोळीच घ्या. बी-१२ कमी असेपर्यंत बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. तांबूच्या पाठीचं अडलं होतं ते मुख्यतः इथेच, असं डॉक्टरांचं मत पडलं, आणि पुढचे आठवडे बघता मलाही तेच पटतं.

शी चांगली, तरी पाठ भरत नाही?

तीन गोष्टी तपासा. बी-१२ पुन्हा मोजलं का? एकूण उष्मांक पुरतात का? १८ किलोच्या कुत्र्याची नुसत्या विश्रांतीची गरज ६०० किलोकॅलरींच्या थोडी वर जाते. कमी चरबीच्या अन्नात उष्मांक कमी असतात, म्हणून 'पूर्वीइतकीच वाटी' देऊन भागत नाही. आणि स्टेरॉइड चालू आहे का? ते सूज विझवतं, पण पाठही खातं. तरी ते मनाने बंद करू नका, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. हळूहळू उतरवणं डॉक्टरांचं काम. तांबूला स्टेरॉइड लागलं नाही. काहींना लागतं, आणि लागलं तर त्यात मालकाची चूक नसते. खाणं बदलून चार आठवड्यांतही अल्ब्युमिन चढलं नाही तर एंडोस्कोपीने तुकडा काढून बघावा लागतो. आतड्यात गाठीचा आजार, म्हणजे कॅन्सर, नाही ना, हे त्यातूनच कळतं.

बाराव्या आठवड्यात तांबूचं अल्ब्युमिन २.७ आलं. ट्रिप्टोफॅन चढलं, सेरीन अजून रेंगाळतंय. ती तपासणी महाग आहे, डॉक्टर म्हणाले आता गरज नाही, म्हणून थांबवली. वजन २०.८ किलो. या वर्षी आखाड पहिल्यांदाच पावतीशिवाय गेला. संध्याकाळी गंगावेशीत जाताना मामा शर्टाच्या खिशात रताळ्याचे चार तुकडे टाकतात, आणि ते दूध पिईपर्यंत तांबू खिशाकडे बघत उभा राहतो.